दोन पोलो, एकच प्रीमियम: स्टॉक आणि रिमॅप केलेल्या गाडीच्या विम्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी बेळगावात गाड्यांच्या विम्याची कामं करतो, टिळकवाडीत एका खोलीचं ऑफिस आहे. हे प्रकरण माझ्याच फाईलमधलं आहे आणि त्यात माझीही चूक आहे, ती पुढं येईलच. माणसांची नावं बदललीत, विमा कंपनी, शोरूम, ट्यूनर (इंजिनची ताकद वाढवून देणारा) कुणाचंच नाव देत नाही, आकडे थोडे गोल केलेत, बाकी जसं घडलं तसं.

सागर शहापूरचा. वडिलांचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप, दोन सीएनसी, एक जुनी लेथ, फाउंड्र्यांची जॉबवर्कची कामं. २०२० च्या नोव्हेंबरात त्यानं पोलो घेतली, १.० टीएसआय, ९९९ सीसी, कंपनीच्या कागदावर इंजिनची ताकद ११० पीएस. त्याचा मावसभाऊ अमित पुण्यात नोकरीला, त्यानंही त्याच महिन्यात तीच गाडी घेतली, तोच रंग, फक्त नंबर प्लेट वेगळी, एक केए २२ आणि एक एमएच १२. दिवाळीला दोन्ही गाड्या सागरच्या दारात शेजारी शेजारी लावलेल्या असायच्या आणि आप्पा (सागरचे वडील) हमखास चुकीच्या गाडीला किल्ली लावायचे.

अमितनं गाडीला आजवर सीट कव्हर सोडून काही लावलेलं नाही. सागरचं तसं नव्हतं. २०२२ मध्ये त्यानं आधी रिमॅप केला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रामच बदलून घेतला, मग एअर इनटेक, मग डाउनपाइप (टर्बोला लागूनचा एक्झॉस्टचा पहिला पाइप) आणि मागचा पूर्ण एक्झॉस्ट. बेळगावच्या पोराला एक्झॉस्टसाठी पुण्या-बेंगळूरला जायची गरज नाही, उद्यमबागेत एसएस ३०४ चा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, पाइप मिळतो आणि आर्गन वेल्डिंग करणारे हातपण मिळतात, तसा त्यानं ओळखीच्या शॉपमध्येच बनवून घेतला आणि खरं सांगायचं तर वेल्डिंग इतकं सुबक होतं की बघत राहावं. त्यानंतर १७ इंची अलॉय आणि टायर ७५ हजार, गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग २२ हजार, अँप-वूफर २८ हजार. सगळं मिळून दोन लाख चार हजार. ट्यूनरच्या कागदावर ११० ची १३८ पीएस झाली होती.

अडचण दिसलीच नाही, हीच अडचण

२०२३ च्या नोव्हेंबरात दोघांची रिन्युअल आली. नव्या गाडीसोबत घेतलेला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमाही तेव्हाच संपत होता, म्हणून पहिल्यांदाच पूर्ण प्रीमियम भरायचा होता. अमितनं पुण्याहून त्याचं कोटेशन व्हॉट्सअपवर पाठवलं, मी सागरचं काढलं. दोन्ही दहा हजाराच्या आसपास, उलट पुण्याची स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच असलेली, गाडी सव्वाशे-दीडशे रुपयांनी महाग!

सागर ऑफिसात बसून हसला. "बघा की मामा, उगीच लोक सांगूलाल्यात मॉडिफाय केलं की इन्शुरन्स वाढतो म्हणून."

मी पण हसलो. तिथंच थांबून विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही.

दोन्ही आकडे सारखे का आले

आपल्याकडं पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम सरकार ठरवतं आणि तो फक्त सीसीवर असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरानं १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६, त्याच्यावर ७,८९७. बीएचपीला त्यात जागाच नाही. म्हणजे सागरची १३८ ची पोलो आणि शेजारच्या मास्तरांची ९९८ सीसीची वॅगनआर दोघी २,०९४ मध्येच, आणि आमच्या चंदगडकडच्या पाव्हण्यांची २१७९ सीसीची जुनी डिझेल स्कॉर्पिओ मात्र एखाद्या दोन लिटरच्या ऑक्टाव्हियाच्या रांगेत ७,८९७ भरणार. यात वेगाचा हिशोब कुठं आहे सांगा.

दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो आयडीव्हीवर, सीसीवर, गाडीच्या वयावर आणि झोनवर बसतो. आयडीव्ही म्हणजे कंपनीच्या किमतीतून वयाप्रमाणं घसारा वजा, तीन ते चार वर्षाला ४० टक्के. तशी दोघांची आयडीव्ही आली ५ लाख १० हजार. झोन म्हणजे जुन्या टॅरिफपासून चालत आलेली विभागणी, पुणे मुंबई बेंगळूर वगैरे आठ शहरं ए मध्ये आणि बाकी सगळा देश बी मध्ये. १००० सीसीच्या आतल्या पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला ए मध्ये ३.१२७ टक्के, बी मध्ये ३.०३९. आपल्या सीमाभागात एक समज फार पक्का आहे की एमएच पासिंगचा विमा स्वस्त पडतो, निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणालाही विचारा. पण कोल्हापूर पण बी आणि बेळगाव पण बी, फरक आहे तो रोड टॅक्सचा.

सागरचा हिशोब असा बसला: ५,१०,००० चे ३.०३९ टक्के म्हणजे साधारण १५,५००. त्यावर कंपनीचं ६० टक्के डिस्काउंट (२००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे आहेत, त्यामुळं कंपन्या वाटेल तेवढं सोडतात), राहिले ६,२००. तीन वर्षं क्लेम नाही म्हणून नो क्लेम बोनस ३५ टक्के, राहिले ४,०३०. झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा कापू नये म्हणून घेतलेलं जादा कव्हर) २,०५०, थर्ड पार्टी २,०९४, मालकाचा अपघात विमा ३३०, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १०,०३५. या सगळ्या गणितात रिमॅप कुठं बसतो? कुठंच नाही. फॉर्मवर सीएनजी किट आहे का आणि इलेक्ट्रिकल, नॉन इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज आहेत का एवढंच विचारतात. मी मोबाईलवरून पाच मिनिटात फॉर्म भरला, सीएनजीला नाही, ॲक्सेसरीजला नाही, पुढं, पुढं, पेमेंट.

ही माझी चूक. गाडी ऑफिससमोर उभी होती, १७ इंची चाकं मला खिडकीतून दिसत होती. चाकं आणि ऑडिओ दाखवले असते तर किती वाढलं असतं तेही नंतर काढून बघितलं. ऑडिओच्या २८ हजारावर ४ टक्के, चाकांच्या ७५ हजारावर नेहमीचा दर, डिस्काउंट बोनस जाऊन जीएसटीसकट साधारण साडेदहाशे. फक्त!

घाटात काय झालं

जुलै २०२४. सागर आणि दोन मित्र जांबोटीमार्गे चोर्ला घाटानं गोव्याला निघाले. पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा असतो ते बेळगावकराला सांगायला नको, वायपर तिसऱ्या स्पीडवर ठेवून पण समोरचं दिसत नाही. एका वळणावर साचलेल्या पाण्यावरून गाडी तरंगली आणि डावीकडून मोरीच्या कठड्यावर आदळली. एअरबॅग फुटल्या, रेडिएटर, डावा लोअर आर्म, बॉनेट, दिवा गेला, दोन अलॉय तडकले. माणसं सुखरूप, एकाच्या कपाळाला चार टाके, समोरून कुणी नव्हतं हे नशीब. गाडी टो करून बेळगावच्या सर्व्हिस सेंटरला आली, एस्टिमेट निघालं २ लाख ८६ हजार. आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर खर्च गेला तर टोटल लॉस धरतात, इथं ती रेघ ३ लाख ८२ हजारावर होती, म्हणजे गाडी दुरुस्तच होणार होती.

समोर काय काय पर्याय होते

नुकसान तपासणारा सर्व्हेयर दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या रात्री सागरच्या मित्रमंडळानं माझ्या ऑफिसात सभाच भरवली. एकाचं म्हणणं, सर्व्हिस सेंटरमधला पोरगा ओळखीचा आहे, रात्रीत स्टॉक चाकं लावू, ट्यूनर लॅपटॉप घेऊन येऊन मूळ प्रोग्राम टाकेल, कोण बघतंय. दुसऱ्याचं म्हणणं, क्लेमच नको, खिशातून भरू आणि बोनस वाचवू. मी म्हणालो दोन्ही नको, आहे तसं दाखवायचं.

पहिला पर्याय ऐकायला सोपा वाटतो पण फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत एक मेख आहे. मध्येच कुणी इंजिनचा प्रोग्राम बदलला की कंपनीच्या सिस्टीमला कळतं, तिथं टीडी-वन नावाचा शेरा पडतो आणि परत मूळ प्रोग्राम टाकला तरी तो शेरा आपोआप पुसत नाही. सागरच्या गाडीवर तो आधीच पडला होता, एका सर्व्हिसिंगच्या वेळी. शिवाय सगळ्यात मोठा मुद्दा, खोटं लिहून क्लेम करणं आणि न विचारलेलं न सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात भांडायला जागा राहते, पहिल्यात फसवणूक म्हणून सगळाच क्लेम जातो. "रात्रीत चाकं बदलणार असलास तर मी यात नाही," एवढं मी सरळ सांगितलं.

दुसरा पर्याय, बोनस वाचवायचा, त्याचा हिशोब कागदावर करून दाखवला. पुढच्या वर्षी आयडीव्ही सव्वाचार लाख होणार, ४५ टक्के बोनस म्हणजे साधारण २,३०० रुपये. २,३०० वाचवायला पावणेतीन लाख सोडायचे? आप्पा तोवर गप्प बसले होते, ते म्हणाले, "काय असंल ते खरं सांग आणि मोकळा हो." झालं, ठरलं.

मग काय केलं

सर्व्हेयर आला, शांत माणूस होता, गाडीखाली वाकून मोबाईलच्या टॉर्चनं सगळं बघितलं, एक्झॉस्टचे फोटो काढले, स्प्रिंगचा रंग बघितला (लाल होता, लपतोय कुठं). आम्ही बदलांची यादी स्वतःच लिहून दिली. पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं: गाडीत केलेले बदल कळवलेले नाहीत, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत, खुलासा द्या.

कलम ५२ बद्दल थोडं सांगतो कारण पोरांना हे माहीतच नसतं. आरसीवरचे तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशीलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं, परवानगी नसलेल्या दर बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीएनजी बसवायचं असेल तर आरटीओत रीतसर वाट आहे, आरसीवर नोंद होते. डाउनपाइपला अशी वाट नाही.

खुलासा मी आणि सागरनं बसून लिहिला, दोन पानं. मुद्दा एकच धरला की अपघात पाण्यावरून गाडी तरंगल्यामुळं झाला, इंजिनची ताकद किंवा एक्झॉस्ट याचा त्याच्याशी संबंध नाही, वेग ४५ च्या आसपास होता. टायर नवीन होते त्याचं बिल जोडलं, घाटात त्या आठवड्यात किती पाऊस होता त्याची पेपरची कात्रणं जोडली. पॉलिसीच्या अटी मोडल्या तरी प्रत्येक वेळी अख्खा क्लेम नाकारता येत नाही, ७५ टक्क्यांपर्यंत नॉन-स्टँडर्ड म्हणून द्यावा असा सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे, तोही लिहिला. ते प्रकरण वेगळं होतं, खाजगी गाडी भाड्यानं लावल्याचं, पण आधाराला चाललं.

मनातली एक शंका मात्र इथं लिहितो, पत्रात लिहिली नव्हती. लोअरिंग स्प्रिंग आणि रुंद टायर यामुळं पाण्यावर गाडी लवकर तरंगली असेल काय? रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो हे खरं आहे. सर्व्हेयरनं ते ताणलं असतं तर आमचा मुद्दा लंगडा पडला असता. त्यानं ताणलं नाही.

निकाल

ऑक्टोबरात कंपनीनं तोडगा दिला. २,८६,००० मधून बाहेरून बसवलेल्या वस्तू, म्हणजे दोन अलॉय, दोन टायर आणि स्प्रिंग, असे ७१ हजार सरळ बाद. राहिले २,१५,०००, त्याचे ७५ टक्के १,६१,२५०, त्यातून मालकानं सोसायचे सक्तीचे एक हजार वजा. हातात आले १,६०,२५०, सागरच्या खिशातून गेले १,२५,७५०.

त्याच पावसाळ्यात अमितच्या पोलोला पुण्यात कुणीतरी मागून ठोकून डिव्हायडरवर घातली. बंपर, दिवा, फेंडर. त्यानं भरले एक हजार आणि नट, क्लिप, कूलंटचे किरकोळ पैसे, नऊ दिवसात गाडी घरी. प्रीमियम सारखाच भरला होता दोघांनी, आठवतंय ना.

इथं अजून एक फाटा होता. उरलेल्या २५ टक्क्यासाठी आधी कंपनीकडं लेखी तक्रार करून, महिनाभर थांबून, मग बेंगळूरच्या विमा लोकपालाकडं जाता आलं असतं, फी नाही, वकील लागत नाही. पण गाडी तीन महिने शेडमध्ये पडून होती, नोव्हेंबरात बहिणीचं लग्न होतं, सागर वैतागला होता, त्यानं 'फुल अँड फायनल' च्या कागदावर सही केली. एकदा ती सही झाली की पुढं भांडणं फार अवघड. मी त्याला "घरी नेऊन दोन दिवस विचार कर" म्हणायला हवं होतं, पण महिनाभर पत्रव्यवहार करून मीही कंटाळलो होतो, हे पण खरं.

नंतरची तुलना

दुरुस्तीनंतर सागरनं ठरवलं की आता सगळं सांगूनच पॉलिसी घ्यायची. बदलांची यादी तीन कंपन्यांना मेल केली. एकीनं सरळ नकार दिला, दुसरी म्हणाली चाकं ऑडिओ घेतो पण इंजिनचे बदल आधी आरसीवर चढवून आणा (जे होणारच नाही), तिसरीनं उत्तरच दिलं नाही. म्हणजे परदेशात लोक मॉडिफाईड गाडीचा जास्त प्रीमियम भरून मोकळे होतात तसा भरायचा म्हटला तरी आपल्याकडं घेणारा कुणी मिळाला नाही.

मग त्याच्या डोक्यात आलं, पोलो विकून मुळातच पळणारी गाडी घ्यावी, व्हर्टस १.५ टीएसआय, १४९८ सीसी, १५० पीएस, कंपनीतूनच. पुढच्या वर्षी एक सेकंडहँड बघून ठेवली तेव्हा मी त्याच २०२२ च्या दरानं हिशोब काढून दिला. आयडीव्ही पावणेअकरा लाख, दर ३.१९१ टक्के, ६० टक्के डिस्काउंट जाऊन १३,७००, बोनस शून्य धरला, झिरो डेप साडेचार हजार, थर्ड पार्टी ३,४१६, सगळं मिळून जीएसटीसकट २६ हजार. सागरनं आकडा बघून डोक्याला हात लावला. पण नीट बघा, थर्ड पार्टीत फरक तेराशेचा आहे, बाकी बहुतेक वाढ गाडीच्या किमतीची आणि बोनस गेल्याची आहे. १५० पीएसचे वेगळे पैसे इथंही कुणी मागत नाही, आणि ही ताकद कंपनीनं दिलेली असल्यामुळं क्लेमच्या वेळी कुणी त्याबद्दल पत्र पाठवत नाही. माझं मत होतं घे, आप्पांचं मत होतं तिसरी सीएनसी घेऊ. सीएनसी आली.

आता परत केलं तर

रिन्युअलच्या दिवशी मी खुर्चीतून उठून गाडी बघितली असती तर हे प्रकरण निम्म्यावर आलं असतं. आता मी उठतो, वाकून सायलेन्सर बघतो, बॉनेट उघडायला लावतो, चार फोटो फाईलला ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतंय मामा पोलीस झालात काय, म्हणूदे. चाकं, ऑडिओ असलं काही असेल तर बिलासकट पॉलिसीत चढवतो, इंजिनला हात लावलेला असेल तर सांगतो की बाबा हा एवढा भाग विम्याच्या बाहेर आहे असं समजूनच गाडी चालव, आणि हे मेसेजवर लिहून ठेवतो. पॉलिसी काढल्यावर मध्येच बदल केला तरी कळवायचा असतो, सागरला हेही मी कधी सांगितलं नव्हतं. थर्ड पार्टीबद्दल मात्र लोकांची भीती थोडी जास्त आहे, अशा गाडीनं दुसऱ्याला लागलं तर त्या माणसाचे पैसे सहसा अडकत नाहीत, पण कंपनी ते नंतर मालकाकडून वसूल करायला मागं लागू शकते.

सागरला विचारलं तर तो एकच चूक सांगतो, मूळ पार्ट ठेवायला पाहिजे होते. चाकं माळ्यावर होती म्हणून वाचली. पण मूळ डाउनपाइप, ज्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो त्यानं भंगारवाल्याला साडेचार हजाराला दिला होता आणि त्या रात्री सगळ्यांना भेळ चारली होती. गाडी परत स्टॉक करायची म्हटल्यावर नव्याचा आकडा ऐकून तो काउंटरवरून तसाच माघारी आला. शेवटी अमितनं पुण्यात जुन्या बाजारात फिरून एक शोधला, १९ हजाराला, आणि एसटीच्या पार्सलनं पाठवला.

काढलेला एसएस चा एक्झॉस्ट बरेच दिवस शॉपच्या कोपऱ्यात उभा होता. विकत घ्यायला दोन पोरं येऊन गेली, आप्पांनी दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं. मृगाच्या आधी पत्र्याची पन्हळ गळायला लागली तेव्हा त्यांनी त्यातला सरळ तुकडा कापून खाली उतरतं तोंड म्हणून लावून टाकला. परवा पाऊस झाला तेव्हा मी तिथंच होतो, अडीच इंची पाइपातून पाणी कसं धो धो पडत होतं, आणि जॉइंटला एक थेंब गळत नव्हता.